पोलिश वैमानिकाचा माग कसा काढायचा, गावात बसून अन् मोबाइलवर

रब्बीत आमच्या फीडरला शेतीपंपाची लाइन एक आठवडा दिवसा राहते अन् एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याच्या ओलितासाठी बारा वाजता शेतात जा, मोटार चालू करा, स्प्रिंकलरचे पाइप मांडा, अन् मंग पुढचे दोन-अडीच तास पाइप बदलेपर्यंत धुऱ्यावर बसून रहा. माझं हे सगळं काम त्या दोन-अडीच तासांतलं आहे. गेल्या तीन रब्बीत मी दुसऱ्या महायुद्धातल्या अकरा पोलिश वैमानिकांचा माग काढला, जन्मगावापासून तं कबरीपर्यंत, अन् त्यातल्या चौघांचे तक्ते देवळी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत लागले आहेत. बरेच जण विचारून राहिले की इंग्रजी बेताचं, पोलिश तं येतच नाही, मंग हे जमते कसं, म्हणून सगळं एकदा लिहून टाकतो.

सुरुवात कोल्हापुरात झाली. मावसभावाच्या लग्नाला महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्ध्याहून थेट गेलो होतो, तिथं महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ पाहिला. 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, 5,000 च्या आसपास माणसं, बहुतेक बायका अन् लेकरं, रशियाने 1940-41 मध्ये घरातून उचलून पार सैबेरिया-कझाकस्तानकडे नेऊन टाकलेली. मले तेव्हा एकच प्रश्न पडला, यांच्या घरचे पुरुष कुठं होते? ते फौजेत होते, अन् त्या फौजेतले हजारो जण पुढं इंग्लंडला पोलिश विमानदलात गेले. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या बराकीत बसून एखादी बाई ज्याच्या पत्राची वाट पाहत असेल तो माणूस तिकडं इंग्लंडात रात्री विमानात बसत होता. तेव्हापासून हे डोक्यातून गेलं नाही.

पहिलं काम, अन् इथंच बहुतेकांचं चुकते: स्क्वॉड्रन (म्हणजे विमानदलाची तुकडी) निवडू नका, लढाई निवडू नका, एक माणूस निवडा. "पोलिश वैमानिक" असं सर्च केलं की तेच ते शौर्याचे व्हिडिओ येतात, त्यात आकडे चढवलेले राहतात, दोन तास जातात अन् हाती काही लागत नाही. एक माणूस घ्या, त्याचा एक दिवस घ्या, अन् तिथून मागं-पुढं सरका.

पण जुजबी पार्श्वभूमी पक्की पाहिजे, नाहीतं कागद वाचताना काही कळणार नाही, तर थोडक्यात. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, 17 सप्टेंबरला पूर्वेकडून रशिया घुसला. पोलिश विमानं पहिल्याच दिवशी जमिनीवर जळून गेली ही गोष्ट तुम्हाले जागोजागी वाचायला मिळेल, ती खरी नाही, लढाऊ तुकड्या आधीच लपवलेल्या मैदानांवर हलवल्या होत्या अन् त्या लढल्या. विमानं मात्र जुनी, पीझेडएल पी-11, उघडं कॉकपिट, चाकं आत न जाणारी. देश पडल्यावर हे लोक रोमानिया-हंगेरीमार्गे निघाले, फ्रान्सला गेले, जून 1940 मध्ये फ्रान्सही पडला तसे इंग्लंडला. तिथं त्या उन्हाळ्यात 8,000 च्या आसपास पोलिश विमानदलाची माणसं गोळा झाली, त्यात वैमानिक थोडे अन् मेकॅनिक, आर्मरर, क्लार्क असे जमिनीवरचे लोकच जास्त. ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे जर्मन विमानदलाविरुद्ध 10 जुलै ते 31 ऑक्टोबर 1940 ला झालेल्या हवाई लढाईत, 145 पोलिश वैमानिक उडाले. त्यांच्या स्वतःच्या दोन फायटर स्क्वॉड्रन त्यात होत्या, 302 अन् 303, बाकीचे ब्रिटिश तुकड्यांत वाटलेले. युद्ध संपेपर्यंत विमानदल 19,000 च्या वर गेलं. एवढं पुरे.

आता नाव. ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण माग इथंच लागते अन् इथंच तुटते.

आमच्या आजोबाचं नाव सातबाऱ्यावर एका अक्षराने चुकलेलं आहे. जुन्या काळी कोण्या लिहिणाऱ्यानं फेरफार करताना एक काना सोडला, तेव्हापासून वारसाच्या प्रत्येक कागदाले आम्ही प्रतिज्ञापत्र जोडून राहिलो. मी रात्री मोबाइल घेऊन बसलो की बाबा म्हणायचे, "कायले त्या परदेशी पोट्ट्यांच्या मांग लागला बे, आपल्या घरच्या माणसाचं नाव तं कागदावर धड नाही." मी म्हटलं बाबा, म्हणूनच लागलो. इंग्लंडच्या छावणीत पोलिश नाव लिहून घेणाऱ्या कारकुनानं नेमकं तेच केलं होतं. त्याच्या टाइपरायटरवर ती अक्षरंच नव्हती. एल अक्षराच्या पोटातून जी तिरकी रेघ जाते ती त्यानं सोडली, एसवरचा टिंबासारखा तिरका फराटा सोडला, अन् माणूस दुसराच होऊन गेला.

म्हणून आधी पोलिश अक्षरं शिका, एका संध्याकाळचं काम आहे. रेघवाला एल म्हणजे आपला व, साधा एल म्हणजे ल. डब्ल्यू म्हणजे व्ह. जे म्हणजे य. एस अन् झेड जोडून आले तं श, सी अन् झेड जोडून आले तं च, आर-झेड म्हणजे झ, पण आधी क किंवा प असला की त्याचा श होते. ओवर तिरकी रेघ असली की तो उ. ईला खाली शेपटी असली की नाकातला एँ, पुढं ब-प असलं तं एम सारखा ऐकू येते. अन् एक सांगतो, इंग्रजी माणसाले ही नावं उच्चारता येत नव्हती, आपल्याले येतात. देवनागरीत श आहे, च आहे, झ आहे, जोडाक्षरं आहेत. 303 मध्ये एक वितोल्द वोकुचेव्स्की होता. इंग्रजीतून वाचाल तं लोकुसिएव्हस्की असं काहीतरी होते. मराठीत मात्र वोकुचेव्स्की असं सरळ लिहिता येते, अन् जवळपास त्याच्या आईनं हाक मारली असेल तसंच वाचल्या जाते. म्हणून तक्त्यावर लिहिताना इंग्रजीवरून नाव उतरवू नका, पोलिश स्पेलिंग समोर ठेवून उच्चार ऐका अन् मंग लिहा. भाषांतराच्या ॲपमध्ये पोलिश निवडून स्पीकरचं बटण दाबलं की ऐकू येते.

मोबाइलवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पोलिश भाषा जोडून घ्या, मंग एल दाबून धरला की रेघवाला एल वर येते, बाकीची अक्षरं पण तशीच. हे का करायचं तं काही याद्यांमध्ये रेघवाला एल हे वेगळंच अक्षर धरतात, साध्या एलनं शोधलं की "सापडले नाही" येते अन् आपण समजतो माणूस नाहीच. मी एका गनरले दीड महिना असाच हरवून बसलो होतो. दोन्ही तऱ्हेनं शोधा, आडनाव आधी टाकून शोधा, नाव आधी टाकून शोधा, अर्धंच आडनाव टाकून पण पाहा.

यादी कोणती वापरायची? सुरुवातीले "लिस्ता क्शिस्तका" उघडा, म्हणजे क्शिस्तेकची यादी. स्पेलिंग असं, एल आय एस टी ए अन् पुढं के आर झेड वाय एस टी के ए, सगळं जोडून. 1940 ते 1947 या काळात ब्रिटनमध्ये पोलिश विमानदलात जे जे होते त्यांची ही यादी आहे, वैमानिकच नाही, मेकॅनिक, स्वयंपाकी, ड्रायव्हर सगळे. माणसाच्या नावावर दाबलं की जन्मतारीख, सर्व्हिस नंबर, हुद्दा, कोणत्या तुकडीत, असं जेवढं असेल तेवढं येते. पान पोलिशमध्ये आलं तं ब्राउझरमधूनच भाषांतर करून घ्या, पण एक शब्द लक्षात ठेवा. पोलिशमध्ये स्क्वॉड्रनले दिव्हिज्योन म्हणतात अन् भाषांतर कधी कधी त्याचं "विभाग" करून टाकते, तिथं घोळ होते. यू-आर असं लिहिलं असलं की जन्म, झेड-एम असलं की मृत्यू. महिने पण अंगवळणी पाडून घ्या, शेर्प्येन म्हणजे ऑगस्ट, व्झेशेन म्हणजे सप्टेंबर, अन् जुन्या हस्ताक्षरी कागदात महिना रोमन आकड्यात राहते, घड्याळाच्या डायलवर असते तसा.

यादीतून सगळ्यात आधी जे उतरवून घ्यायचं ते म्हणजे सर्व्हिस नंबर. नावं सारखी असतात, कोवाल्स्की तं आपल्याकडच्या पाटलांइतके, पण नंबर एकाचाच. अधिकाऱ्याचा नंबर पी अक्षरानं सुरू होते. बाकीच्यांचा सहा आकडी, 78 किंवा 79 किंवा 70 ने सुरू होणारा. सुरुवातीले आलेल्या काही अधिकाऱ्यांचा 76 ने सुरू होणारा पाच आकडी नंबरही जुन्या कागदात सापडते. अन् सार्जंट असताना एक नंबर, पुढं अधिकारी झाला की दुसरा, म्हणजे एकाच माणसाचे दोन. दोन्ही लिहून ठेवा. मी वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर आधी नंबर लिहितो अन् मंग नाव.

हुद्द्यात पण फसाल. ह्या लोकांले पोलिश हुद्दा वेगळा अन् ब्रिटिश हुद्दा वेगळा. पोलिश पोद्पोरुच्निक म्हणजे ब्रिटिश पायलट ऑफिसर, पोरुच्निक म्हणजे फ्लाइंग ऑफिसर, कापितान म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट, मायोर म्हणजे स्क्वॉड्रन लीडर. वर आणखी असं की कामावर दिलेला ब्रिटिश हुद्दा मोठा अन् पोलिश हुद्दा लहान, असं सर्रास दिसते. एका कागदात कॅप्टन अन् दुसऱ्यात स्क्वॉड्रन लीडर दिसला म्हणून माणूस वेगळा समजू नका, नंबर पाहा.

आता तुकडी कळली, काळ कळला, मंग दिवस शोधायचा. त्यासाठी स्क्वॉड्रनचा रोजनामचा पाहिजे, ब्रिटिश लोक त्याले ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक म्हणतात. लंडनमध्ये क्यू इथं त्यांचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, नॅशनल आर्काइव्ह्ज, तिथं हे सगळे एआयआर 27 ह्या मालिकेत आहेत, अन् वैमानिकांनी उतरल्यावर भरून दिलेले लढाईचे रिपोर्ट एआयआर 50 मध्ये. त्यांच्या साइटवर सर्च करायला काही लागत नाही, डाउनलोड करायच्या आधी पैसे लागतात का ते तेवढं पाहून घ्या. रोजनामच्यात दोन तऱ्हेचे फॉर्म राहतात. 540 नंबरच्या फॉर्मवर दिवसभराचा गोषवारा, हवा कशी होती, कोण पाहुणा आला, काय घडलं. 541 वर हजेरीपटासारखं, कोणतं विमान, कोण कोण बसले, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. माझ्या मते खरं वाचायचं ते 541. उतरल्याच्या वेळेच्या रकान्यात जिथं काहीच लिहिलेलं नसते तिथं थांबा.

एक माणूस घेऊन दाखवतो म्हणजे पद्धत कळेल. लुद्विक पाश्क्येविच, जन्म 1907, पोरुच्निक, 303 स्क्वॉड्रन, मुक्काम लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्ट.

30 ऑगस्ट 1940. 303 ले अजून लढाईची परवानगी नव्हती, ब्रिटिशांचं म्हणणं की ह्यांना रेडिओवरचं इंग्रजी समजत नाही, मैल अन् गॅलनचा हिशेब डोक्यात बसत नाही, उतरताना चाकं खाली करायचं विसरतात कारण जुन्या विमानाची चाकं कायम खालीच राहायची. त्या दिवशी ते नुसते सरावाला गेले होते, ब्लेनहाइम विमानांसोबत. तिथं पाश्क्येविचले जर्मन विमानं दिसली. त्यानं रेडिओवर कमांडर रोनाल्ड केलेटले सांगितलं, उत्तर आलं नाही, मंग तो रांग सोडून निघाला अन् एक विमान पाडलं. शिस्त मोडली म्हणून बोलणी खाल्ली, अन् शाबासकीही मिळाली. दुसऱ्या दिवशी 31 ऑगस्टले स्क्वॉड्रनले लढाईत घेतलं.

इथपर्यंत कोणीही सांगेल. आता कागद लावा. पाश्क्येविचच्या दाव्यात पाडलेलं विमान डॉर्नियर, म्हणजे जर्मन बॉम्बर आहे. नंतर जर्मन बाजूचे नुकसानीचे कागद जुळवणाऱ्यांनी दाखवलं की ते मेसरश्मिट 110 हे जर्मन फायटर होतं. दोन्ही विमानांले दोन-दोन इंजिनं अन् मागं दोन-दोन शेपट्या, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास पळताना, गोळी चालवताना, काही सेकंदात पाहिलेलं. तो खोटं बोलला नाही, त्याले जे दिसलं ते त्यानं लिहिलं. म्हणून मी प्रत्येक घटनेले तीन साक्षी घेतो, वैमानिकाचा स्वतःचा रिपोर्ट, स्क्वॉड्रनचा रोजनामचा अन् समोरच्या बाजूचे कागद, अन् तिन्ही जुळत नसले तं तिन्ही लिहितो. 303 च्या नावावर त्या लढाईत 126 विमानं पाडल्याचा दावा नोंदला गेला, त्या लढाईतल्या हरिकेन फायटर विमानं उडवणाऱ्या स्क्वॉड्रनमध्ये सगळ्यात मोठा आकडा, अन् सहाच आठवड्यांत. पुढच्या संशोधनात खरा आकडा त्याहून कमी निघते, कारण एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात अन् तिघांलेही वाटते आपणच पाडलं. जर्मन अन् ब्रिटिश दाव्यांचंही तेच आहे. तक्त्यावर मी "126 चा दावा" असंच लिहिलं. "दावा" हा शब्द खोडायचा नाही, त्यानं त्यांचं काही कमी होत नाही.

पाश्क्येविचचा माग 27 सप्टेंबर 1940 ले संपते. केंटमध्ये बरो ग्रीनजवळ त्याचं हरिकेन पडलं, वय 32. पहिल्या विमानापासून त्या दिवसापर्यंत मोजून 28 दिवस. नॉर्थवुडच्या कब्रस्तानात आहे, नॉर्थोल्टपासून जवळच. त्याच कब्रस्तानात योसेफ फ्रान्तिशेक पण आहे, तो चेक होता पण पोलिश लोकांसोबतच उडाला, 17 विमानं नावावर अन् 8 ऑक्टोबरले गेला. हे अंतर मी वहीत मोजलं तेव्हा सोयाबीन काढणीचा हंगाम आठवला, कापणी सुरू होऊन गंजी लागेपर्यंत जातात तेवढे दिवस.

फोटो मिळाला तं विमानाच्या अंगावरची अक्षरं वाचा. विमानावरच्या ब्रिटिश गोल चिन्हाच्या एका बाजूची दोन अक्षरं स्क्वॉड्रनची, दुसऱ्या बाजूचं एक अक्षर त्या विमानाचं. आर-एफ म्हणजे 303, डब्ल्यू-एक्स म्हणजे 302, बी-एच म्हणजे 300. नाकाजवळ लाल-पांढऱ्या चार चौकटींचा लहानसा पट्टा दिसला की पोलिश विमान नक्की. अन् 303 चा बिल्ला एकदा मोठा करून पाहा. पोलिश चौकोनी टोपी, अन् तिच्यामागं दोन आडवे-उभे टाकलेले लांब दांड्याचे विळे, आपल्या हातातले नाही, उभं राहून गवत कापायचे असतात तसे. 1794 मध्ये तादेउश कोश्च्युश्कोच्या उठावात शेतकरी हेच विळे सरळ करून तोफांवर चालून गेले होते, स्क्वॉड्रनचं नाव त्याच्यावरून. बिल्ल्यावर अमेरिकन झेंड्याच्या पट्ट्या अन् चांदण्या आहेत, कारण ही तुकडी आधी 1919-20 मध्ये पोलंडच्या मदतीले आलेल्या अमेरिकन वैमानिकांनी उभी केली होती. आमच्या शाळेतल्या पोरांले लढाई-बिढाई नंतर, आधी हा विळा आवडला, कितीतरी जणांनी वहीवर काढला.

ज्यांना आतलं वाचायचं आहे त्यांनी मिरोस्वाव फेरिचचं नाव लक्षात ठेवा. 303 चा हा वैमानिक वही लिहायचा, अन् नुसता स्वतः लिहून थांबला नाही, लढाईवरून उतरलेल्या सोबत्यांच्या हातात ती वही देऊन म्हणायचा, लिहा, तुमच्या हातानं लिहा. तीच पुढं स्क्वॉड्रनची बखर झाली. तो 14 फेब्रुवारी 1942 ले नॉर्थोल्टलाच गेला, स्पिटफायर हवेत मोडून. मूळ वही लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट अँड सिकोर्स्की म्युझियममध्ये आहे. पोलिश तुकड्यांचे पोलिशमधले कागद तिथंच, त्यांना ईमेल लिहिता येते. ईमेलमध्ये गोष्ट सांगत बसू नका, नाव, नंबर, तुकडी, तारीख अन् काय पाहिजे, पाच ओळीत. हस्ताक्षरी पोलिश मोबाइलच्या कॅमेऱ्याले वाचता येत नाही, छापील मात्र बरंच जमते, तर हस्ताक्षर असलं की एक-एक शब्द स्वतः टाइप करून भाषांतर करा, वेळ लागते, इलाज नाही.

सगळे फायटरच्याच मागं लागतात, माझी विनंती आहे की बॉम्बरवाल्यांकडं पण वळा. 300, 301, 304, 305 ह्या पोलिश बॉम्बर स्क्वॉड्रन. मेलेल्यांची संख्या तिकडंच जास्त, अन् नाव कोणालेच माहीत नाही. तिथं माग काढायचा तं एकट्याचा निघत नाही, पूर्ण क्रूचा काढा लागते, वेलिंग्टनमध्ये पाच-सहा जण, लँकेस्टरमध्ये सात. 541 फॉर्मवर सगळे एका खाली एक राहतात. अन् तारखेत फसू नका. विमान उडालं 14 ले रात्री, पडलं मध्यरात्रीनंतर, म्हणजे एका कागदात 14 अन् दुसऱ्यात 15. रात्रीच्या लाइनवर ओलित करणाऱ्याले हे समजावून सांगायची गरज नाही, आपणच सकाळी विचारतो की काल गेलो होतो की आज. लंडनच्या घड्याळात 1941 पासून युद्धकाळात उन्हाळ्यात दोन-दोन तास पुढं केलेले होते, जर्मनीकडच्या कागदाशी वेळ जुळवताना तेही ध्यानात ठेवा.

ह्यात मले सगळ्यात जड गेलेलं काम 1586 नंबरच्या फ्लाइटचं. ही पोलिश तुकडी इटलीतल्या ब्रिंदिसीहून हॅलिफॅक्स अन् लिबरेटर विमानं उडवायची. 1 ऑगस्ट 1944 ले वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला अन् 2 ऑक्टोबरपर्यंत चालला, तेव्हा ह्या लोकांनी इटलीपासून वॉर्सापर्यंत रात्रीतून जाऊन हत्यारं, औषधं टाकली, एका बाजूनं हजार किलोमीटरच्या वर. सोबत दक्षिण आफ्रिकेचे अन् ब्रिटिश वैमानिक पण होते. पोलिश क्रू मात्र स्वतःच्या शहरावर जाऊन राहिले होते. 1939 मध्ये सोडलेलं शहर पाच वर्षांनी दिसलं ते जळताना, वरून, रस्ते ओळखू यावेत म्हणून अगदी खाली येऊन. पॅराशूट लावलेले डबे नेमक्या चौकात पडले पाहिजे, एक रस्ता चुकला की जर्मनांच्या हाती. त्या पानांवर उतरल्याच्या वेळेचे रकाने सारखे रिकामे येतात. एका रात्री मी पाच पानं वाचली अन् मोबाइल बंद करून ठेवला, पाइप बदलायची वेळ होऊन गेली तरी उठलो नाही.

बायांचं पण पाहा, लोक त्यांना सोडून देतात. कारखान्यातून विमान उचलून तळावर पोचवायचं काम ब्रिटनमध्ये एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी ही वेगळी संघटना करायची, तिच्यात तीन पोलिश बाया वैमानिक होत्या, आन्ना लेस्का, बार्बारा वोय्तुलानिस अन् याद्विगा पिवसुद्स्का, ही तिसरी पोलंडचा नेता मार्शल पिवसुद्स्कीची मुलगी. आडनाव पाहा, बापाचं स्की, मुलीचं स्का. पोलिशमध्ये असंच चालते, आईचं किंवा बायकोचं नाव शोधताना शेवटचं अक्षर बदलून शोधा.

कबरीसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट वापरा, तिथं पोलिश नागरिकत्व निवडता येते. न्यूअर्कच्या कब्रस्तानात पोलिश विमानदलाची माणसं मोठ्या संख्येनं आहेत, कारण बॉम्बरचे तळ त्या बाजूले होते. ज्यांचं शरीरच सापडलं नाही त्यांची नावं नॉर्थोल्टजवळच्या पोलिश वॉर मेमोरियलवर शोधा, ते 1948 मध्ये उभं झालं. "न्येब्येस्का एस्काद्रा", म्हणजे निळी तुकडी, ह्या नावाची पोलिश साइट पण आहे, जगभरातल्या पोलिश वैमानिकांच्या कबरींचे फोटो तिच्यावर मिळतात. युद्धकैदी झाला असेल तं छावणीचं नाव शोधा. वोकुचेव्स्की 1942 मध्ये पडला अन् स्तालाग लुफ्त 3 ह्या जर्मन युद्धकैदी छावणीत गेला. मार्च 1944 मध्ये तिथून बोगदा खणून जे पळाले त्यातल्या 50 जणांले पकडून गोळ्या घातल्या, त्यात सहा पोलिश होते.

अन् 1945 वर वही बंद करू नका. माणूस वाचला तं पुढं काय झालं हे शोधणं जास्त कठीण अन् मले तं जास्त गरजेचं वाटते. 1945 च्या याल्ता इथल्या दोस्त राष्ट्रांच्या बैठकीनंतर पोलंड रशियाच्या हाताखाली गेला. 8 जून 1946 ले लंडनमध्ये विजयाची परेड झाली, त्यात ब्रिटनच्या लढाईतल्या पोलिश वैमानिकांच्या एका लहान तुकडीले बोलावलं होतं, पण ब्रिटिशांसोबत लढलेल्या बाकी पोलिश फौजेले नाही, म्हणून ते वैमानिकही गेले नाहीत. बरेच जण पोलिश रीसेटलमेंट कोअरमध्ये, म्हणजे पोलिश सैनिकांले नागरी आयुष्यात बसवायच्या ब्रिटिश दलात, भरती झाले अन् ब्रिटनमध्ये, कॅनडात, अर्जेंटिनात मिळेल ते काम करून राहिले. स्तानिस्वाव स्काल्स्की, पोलिश वैमानिकांत सगळ्यात जास्त विमानं पाडणारा, 1947 मध्ये घरी परतला. 1948 मध्ये त्याच्याच देशाच्या सरकारनं हेर म्हणून पकडलं, फाशीची शिक्षा सुनावली, ती जन्मठेपेवर आली, 1956 मध्ये सुटला. ह्या काळासाठी पोलिश नाव अन् जन्मतारीख टाकून शोधा, स्थलांतर केलेल्यांची नावं इंग्रजीत बदललेली राहतात, यान चा जॉन झालेला राहते, म्हणून तिथं पण नंबर अन् जन्मतारीखच कामाले येते.

एवढं जमलं की लिहा, मराठीत, एका माणसाले एक पान. मी असं लिहितो: वर नंबर, खाली नाव पोलिश अक्षरांत अन् देवनागरीत, जन्मगाव, शाळा-धंदा काही मिळाला तं तो, 1939 पासून कोणत्या रस्त्यानं इंग्लंडला पोचला, तुकडी, एक दिवस सविस्तर, शेवट. विशेषणं टाकू नका. शूर, अमर, महान असले शब्द मी पहिल्या तक्त्यावर भरभरून टाकले होते, नंतर खरडून काढले, त्यानं माणूस झाकल्या जात होता. नकाशा मात्र हातानं काढा, पोरांकडून काढून घ्या. पोलंड ते रोमानिया ते फ्रान्स ते इंग्लंड ही रेघ कार्डशीटवर स्केचपेननं ओढताना सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, यायच्या आईले माहीत होतं का हे कुठं गेले ते?" तिच्यासाठी मी पाश्क्येविचच्या घरचं शोधायला सुरुवात केली आहे, अजून चालू आहे.

तक्ता लावायले दिवस पाहिजे असेल तं 28 ऑगस्ट घ्या, तो पोलंडचा विमानदिन. 1932 मध्ये झ्विर्को अन् विगुरा ह्या दोघांनी बर्लिनला युरोपातली विमानांची मोठी स्पर्धा जिंकली त्याची आठवण. आमच्याकडं तो पोळ्याच्या आगेमागे येते, शाळेत पोरं असतात.

वही भरली की प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, माझं एक पान पावसात गेलं अन् पुन्हा दोन महिने लागले. अन् यादीत एखादी चूक सापडली, जन्मगावाचं स्पेलिंग किंवा मृत्यूची तारीख, तं त्या साइटवाल्यांले कागदाच्या फोटोसकट कळवा. मी एका मेकॅनिकच्या आडनावातली रेघ कळवली होती. तीन आठवड्यांनी उघडून पाहिलं तं एलच्या पोटात ती आलेली होती.